महाविद्यालयीन स्तरावरील नेटवर्क व सर्व्हर व्यवस्थापनाचे शिक्षण : चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा : चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत गेल्या दोन-अडीच दशकांत संगणक शिक्षणाचा विस्तार झाला. मात्र हे शिक्षण मुख्यतः संगणक वापरण्याचे राहिले. संगणकांचे जाळे उभारणे, सर्व्हर सांभाळणे व बिघाड शोधून काढणे या गोष्टी अभ्यासक्रमात असूनही विद्यार्थ्यांच्या हाती क्वचितच आल्या. प्रस्तुत लेखात या विषयाचा अभ्यासक्रम, त्याचे प्रात्यक्षिक व त्यामागील अधिकाराचा प्रश्न यांची चिकित्सा केली आहे. महाविद्यालयाचे स्वतःचे नेटवर्क हीच या विषयाची खरी प्रयोगशाळा आहे आणि ती विद्यार्थ्यांसाठी खुली करणे शक्य आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नेटवर्क व्यवस्थापन, सर्व्हर, प्रात्यक्षिक शिक्षण, नई तालीम, सामाईक संसाधन, मेंढा-लेखा.

1. प्रस्तावना

महाराष्ट्रात सर्वसामान्यांच्या संगणक साक्षरतेचा इतिहास सांगताना 2001 या वर्षाचा उल्लेख करावाच लागतो. त्या वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरल्याने या प्रमाणपत्राला घरोघरी प्रतिष्ठा मिळाली. टंकलेखन, तक्ते, सादरीकरण, ई-मेल ही कौशल्ये त्यातून हजारो तरुणांना प्राप्त झाली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि त्याची भूमिका वापरकर्ता घडविण्याची होती. पडद्यामागे ते यंत्र कोणाशी जोडलेले आहे, माहिती कोठे साठते व ती कोण सांभाळतो, हे प्रश्न त्या अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेरचे होते.

हे प्रश्न पदवी व पदविका स्तरावर विचारले जाणे अपेक्षित होते. बी.एस्सी. संगणकशास्त्र, बी.सी.ए., बी.सी.सी.ए., अभियांत्रिकी पदविका व पदवी या सर्वच अभ्यासक्रमांत संगणक नेटवर्क हा विषय आहे. प्रश्न विषयाच्या अभावाचा नाही. विषय असूनही तो पूर्ण केलेला विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयातील बंद पडलेले नेटवर्क सुरू करू शकतो काय, हा खरा प्रश्न आहे. सर्वसाधारण अनुभव असा की, बिघाड झाल्यावर प्राचार्यांच्या कार्यालयातून नागपूर वा चंद्रपूरच्या एजन्सीला दूरध्वनी जातो आणि तंत्रज्ञ येईपर्यंत सर्व कामकाज थांबते. त्याच इमारतीत त्याच वेळी नेटवर्कचा तास सुरू असतो. ही विसंगती या चिकित्सेचा प्रारंभबिंदू होय.

2. प्रदेशाची पार्श्वभूमी

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. सुमारे 14,412 चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. 2011 मध्ये दोन्ही जिल्ह्यांसाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले; तत्पूर्वी येथील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. चंद्रपूर येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 पासून आहे.

या प्रदेशाची दोन रूपे आहेत. एका बाजूस चंद्रपूरचे 2,920 मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागद गिरणी, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना आणि अलीकडच्या काळातील सूरजागडचे लोहखनिज उत्खनन आहे. या सर्वांचे दैनंदिन काम नेटवर्क व सर्व्हरवर अवलंबून आहे. दुसऱ्या बाजूस पर्लकोटेला पूर आला की जगाशी संपर्क तुटणारे भामरागड आहे. 2011 मध्ये मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने ग्रामपंचायतींना प्रकाशतंतू केबलने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले. परंतु केबल पोहोचणे आणि ती चालू राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट निधीने साध्य होते, दुसरीसाठी त्या गावात वा तालुक्यात जाणकार मनुष्य लागतो. तो मनुष्य घडविण्याचे स्वाभाविक ठिकाण म्हणजे स्थानिक महाविद्यालय.

3. अभ्यासक्रमाची चिकित्सा

नेटवर्क विषयाचा रूढ अभ्यासक्रम ओएसआय प्रारूपाच्या सात स्तरांपासून सुरू होतो. विद्यार्थी सात स्तरांची नावे क्रमाने पाठ करतो आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो. येथे आक्षेप प्रारूपावर नाही. स्तरांची कल्पना हे बिघाड शोधण्याचे उत्तम साधन आहे : आधी केबल व वीज पाहावी, मग स्विच, मग आयपी पत्ता, मग मार्ग, त्यानंतर नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस सेवा आणि शेवटी प्रत्यक्ष प्रणाली. अनुभवी तंत्रज्ञ नकळत याच क्रमाने जातो. दुर्दैव असे की, शोधाची पद्धती म्हणून जन्मास यावयास हवी ती गोष्ट वर्गात व्याख्यांची यादी बनते. सात स्तर बिनचूक लिहिणारा विद्यार्थी ‘इंटरनेट चालत नाही’ या तक्रारीपुढे गोंधळतो. कारण त्या यादीचा त्या तक्रारीशी असलेला संबंध त्याला कोणी दाखविलेला नसतो.

दुसरा दोष वगळण्याचा आहे. सर्व्हर व्यवस्थापनाचा मोठा भाग नित्यकर्माचा असतो : वापरकर्त्यांची खाती उघडणे व बंद करणे, अद्ययावत सुरक्षा-दुरुस्त्या बसविणे, नोंदी वाचणे, प्रतिलिपी घेणे आणि त्या प्रतिलिपीतून माहिती परत मिळते की नाही हे तपासणे. हे काम नीरस भासते, त्यावर दहा गुणांचा प्रश्न काढणे अवघड असते, म्हणून ते अभ्यासक्रमाच्या कडेला राहते. परंतु संस्थेचे नुकसान होते ते बहुधा याच कामातील हयगयीमुळे. मे 2017 मधील वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीचे उदाहरण बोलके आहे. ज्या त्रुटीचा तिने लाभ घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच प्रसिद्ध केली होती. जगभर ज्यांनी ती बसविली नव्हती, ते बळी पडले. या घटनेत अनाकलनीय असे काही नव्हते. वेळच्या वेळी करावयाचे काम राहून गेले होते.

तिसरा मुद्दा भाषेचा. या जिल्ह्यांतील वर्गात मराठीसह गोंडी, माडिया, तेलुगू व बंगाली घरात बोलणारे विद्यार्थी एकत्र बसतात. पाठ्यपुस्तक व त्रुटी-संदेश मात्र इंग्रजीत असतात. संदेश न वाचता तो बंद करण्याची सवय यातून लागते आणि व्यवस्थापकाच्या दृष्टीने याहून घातक सवय नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्ससारख्या विषयांचे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. त्यांचा नियमित उपयोग आणि त्रुटी-संदेशाचा अर्थ स्वतःच्या भाषेत लिहून ठेवण्याचा साधा परिपाठ, एवढ्यानेही फरक पडू शकतो.

4. प्रात्यक्षिक : कृत्रिम आणि वास्तव

प्रात्यक्षिकाच्या तासात बहुधा अनुकरण-प्रणाली वापरली जाते. सिस्कोची पॅकेट ट्रेसर ही त्यांतील सर्वपरिचित होय. पडद्यावर राऊटर ठेवावेत, रेषेने जोडावेत, आज्ञा द्याव्यात आणि संदेश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना पाहावा. महागडी उपकरणे नसलेल्या महाविद्यालयाला ही मोठीच सोय आहे. मात्र तिची मर्यादा अशी की, त्या जगात उंदीर केबल कुरतडत नाहीत, स्विचवर धूळ बसत नाही आणि शुल्क भरण्याच्या अंतिम दिवशी रांगेतील विद्यार्थी खोळंबत नाहीत.

वास्तव नेटवर्कमधील दोन नेहमीचे बिघाड येथे विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला : एखादा कर्मचारी आपल्या कक्षात वायफाय हवे म्हणून घरचा राऊटर आणून भिंतीतील जोडणीला लावतो. तो राऊटर स्वतःच पत्ते वाटू लागतो. परिणामी प्रयोगशाळेतील काही संगणकांना खऱ्या सर्व्हरकडून, तर काहींना या पाहुण्याकडून पत्ता मिळतो. काही संगणक चालतात, काही चालत नाहीत. पुन्हा सुरू केले की चित्र बदलते. कारण शोधण्यासाठी विद्यार्थ्याने चालू व बंद संगणकांचे पत्ते शेजारी-शेजारी लिहून पाहिले, तर प्रवेशमार्गाचा पत्ता वेगळा असल्याचे ध्यानात येते. तेथून त्या उपकरणाचा भौतिक पत्ता आणि मग भिंतीतील नेमकी जोडणी सापडते. डीएचसीपी म्हणजे काय, हे त्याला पुन्हा पाठ करावे लागत नाही.

दुसरा : साफसफाईनंतर एका केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचली जातात. साध्या स्विचमध्ये असे वर्तुळ तोडण्याची सोय नसते. सर्वांसाठीचा संदेश त्यात फिरत राहतो, वाढत जातो आणि क्षणार्धात सगळे नेटवर्क ठप्प होते. येथे एकेक केबल काढून पाहण्याचा संयम आणि प्रत्येक केबलवर नावाची चिठ्ठी असण्याचे महत्त्व विद्यार्थी शिकतो.

यांत भर पडते ती स्थानिक हवामानाची. चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. सर्व्हरच्या खोलीतील हवा साधारण 18 ते 27 अंशांत असावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. वीज गेल्यावर यूपीएस सर्व्हरला चालू ठेवतो, पण वातानुकूलन बंद पडलेले असते. अशा बंद खोलीत किती मिनिटांत सर्व्हर नियमानुसार बंद करावा, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. ते तापमापक लावून, नोंद ठेवूनच काढावे लागते. पावसाळ्यात विजांचे प्रमाण मोठे. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल असेल, तर विजेचा धक्का तिच्यातून आत येऊन उपकरणे जाळतो. शिवाय तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटरची आहे. म्हणून इमारतींमध्ये प्रकाशतंतू वापरावा, हा नियम येथील विद्यार्थ्याला स्वतःच्या परिसरात कारणांसह समजू शकतो.

साधनांची कमतरता ही प्रत्येक वेळी केवळ उणीवच असते, असेही नाही. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या नौवहन कंपनीचे जगभरातील कामकाज ठप्प केले. मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनललाही त्याची झळ बसली. कंपनीच्या ओळख-व्यवस्थेच्या सर्व सर्व्हरवरील माहिती पुसली गेली होती, अपवाद फक्त घाना येथील एका सर्व्हरचा. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती. तेथील बँडविड्थ अपुरी असल्याने ती प्रत विमानाने न्यावी लागली आणि तिच्या आधारे यंत्रणा पुन्हा उभी राहिली. नेटवर्कपासून अलग ठेवलेल्या प्रतिलिपीचे महत्त्व याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही. वारंवार वीज जाणाऱ्या तालुक्यातील विद्यार्थ्याला हा धडा आपल्या परिस्थितीशी जोडून घेणे सहज शक्य आहे.

5. मूळ प्रश्न अधिकाराचा

वरील सर्व गोष्टी महाविद्यालयातच घडत असताना विद्यार्थी त्यांपासून दूर का राहतो? कारण सर्व्हरची खोली कुलूपबंद असते आणि मुख्य पासवर्ड एजन्सीकडे वा एखाद्याच कर्मचाऱ्याकडे असतो. तो कर्मचारी रजेवर गेला वा निवृत्त झाला की संस्था स्वतःच्याच यंत्रणेबाहेर उभी राहते. मूल्यांकनाच्या चौकटीनेही या उणिवेकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. नॅकच्या 2017 पासूनच्या आराखड्यात विद्यार्थी-संगणक गुणोत्तर व इंटरनेटची बँडविड्थ यांना गुण होते आणि 50 एमबीपीएस वा अधिक ही वरची पायरी होती. ती बँडविड्थ कोण सांभाळतो, हे संख्येत मावत नाही. परिणामी खरेदी झाली, क्षमता मात्र निर्माण झाली नाही.

विदर्भाच्या शैक्षणिक परंपरेत या प्रश्नाचे एक उत्तर आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली. उत्पादक काम हे शिक्षणाला जोडलेले परिशिष्ट नसून शिक्षणाचे माध्यम आहे, असा तिचा गाभा होता. चरख्याच्या जागी सर्व्हर ठेवणे ही कोणाला थट्टा वाटेल. परंतु ज्या कामाची संस्थेला खरोखर गरज आहे, तेच काम शिकण्याचे साधन व्हावे, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. पाश्चात्य विद्यापीठांतही त्याची उदाहरणे आहेत. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे 1989 पासून विद्यार्थ्यांनी चालविलेली संगणक सुविधा कार्यरत आहे. युनिक्स व्यवस्थापनावरील प्रसिद्ध ग्रंथाच्या लेखिका इव्ही नेमेथ यांनी कोलोरॅडो विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांकडून यंत्रणा सांभाळून घेतली आणि त्यांतून व्यावसायिक व्यवस्थापक घडविले.

6. सामाईक संसाधन : मेंढा-लेखाचा धडा

विद्यार्थ्यांना अधिकार द्यावयाचा, तर तो कोणत्या शिस्तीत, हा पुढील प्रश्न. येथे धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाचे उदाहरण मार्गदर्शक ठरते. 2009 मध्ये या गावाला वनहक्क कायद्यानुसार सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी निगडित असलेल्या या प्रयोगाची दोन वैशिष्ट्ये आहेत. निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभा घेते आणि निर्णयापूर्वी अभ्यास गट विषयाची माहिती गोळा करून चर्चा करतो. अभ्यास आणि अधिकार यांची ही सांगड महत्त्वाची आहे.

महाविद्यालयाची बँडविड्थ हेही सामाईक संसाधन आहे. एकाने चित्रपट उतरविला की ग्रंथालयातील दहा जणांचे काम अडते. सामाईक संसाधनांचा नाश अटळ नसतो, वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, देखरेख ठेवली व उल्लंघनाला क्रमाक्रमाने दंड लावला तर ती टिकतात, असे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात दाखविले. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या दृष्टीने पाहता, शिक्षक, ग्रंथपाल, कार्यालयीन कर्मचारी व विद्यार्थी यांचा नेटवर्क अभ्यास गट ही महाविद्यालयात सहज उभी राहू शकणारी रचना आहे. वापराचे नियम हा गट सुचवील, महाविद्यालय ते ठरवील आणि प्रत्येक बदलाची तारीख, कारण व करणाऱ्याचे नाव नोंदवहीत राहील. वनोपजाचा हिशेब सर्वांसमोर ठेवणाऱ्या गावच्या विद्यार्थ्याला नोंदवहीचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागणार नाही.

7. संभाव्य आक्षेप

या सूचनेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला सुरक्षिततेचा. परीक्षा, प्रवेश व वेतन यांची माहिती गोपनीय आहे आणि 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही जबाबदारी अधिकच गंभीर झाली आहे. म्हणून या यंत्रणा विद्यार्थ्यांपासून वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत. परंतु नेटवर्कचे असे विभाग पाडणे हाच अभ्यासाचा एक उत्तम विषय आहे. शिवाय अधिकार टप्प्याटप्प्याने देता येतात : प्रथम वर्षात केबल व नोंदी, द्वितीय वर्षात जुन्या संगणकावर उभारलेला सरावाचा लिनक्स सर्व्हर, तृतीय वर्षात देखरेखीखाली प्रयोगशाळेचा सर्व्हर. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपण्याचा व सायबर घटना सहा तासांत कळविण्याचा आदेश काढला. आदेशाची थेट व्याप्ती बाजूला ठेवली, तरी आपण हे करू शकतो काय, हा प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावा असा निकष आहे. आणि जेथे नोंदी वाचणारे कोणी नाही, तेथील सुरक्षितता कुलपापुरतीच असते.

दुसरा आक्षेप सातत्याचा : विद्यार्थी तीन वर्षांनी निघून जातो. हे खरे आहे आणि म्हणूनच लेखी नोंदी, नकाशा व ज्येष्ठाने कनिष्ठाला शिकविणे अनिवार्य ठरते. एजन्सीचा तंत्रज्ञही कायमचा नसतो; तो जाताना मागे नोंदी ठेवतोच असे नाही.

तिसरा आक्षेप कार्यभाराचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील अध्यापक आणि प्रयोगशाळा सहायकांचा अभाव या स्थितीत हे काम शिक्षकाच्या माथी विनामोबदला पडण्याची भीती रास्त आहे. यावर अंशतः उपाय असा की, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार राज्यात आलेल्या श्रेयांक आराखड्यात क्षेत्र प्रकल्प व ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक आहेत. दुर्गम तालुक्यांतील महाविद्यालयांना प्रशिक्षणासाठी उद्योग सापडत नाहीत, ही नेहमीची तक्रार आहे. महाविद्यालयाचे ग्रंथालय, तेथील सोल वा कोहा प्रणालीचा सर्व्हर, प्रयोगशाळा आणि नजीकच्या ग्रामपंचायतीची जोडणी हीच प्रशिक्षणाची स्थळे मानली, तर काम अधिकृत होईल व शिक्षकाच्या कार्यभारात ते मोजताही येईल. मोजले न गेल्यास मात्र हा प्रयोग एखाद्या उत्साही शिक्षकाच्या बदलीबरोबर संपेल, हे मान्य केले पाहिजे.

8. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. नेटवर्क विषयाचे शिक्षण व्याख्या व अनुकरण यांत अडकले असून बिघाडाचा शोध, प्रतिलिपी व नोंदी ही त्याची मुख्य अंगे दुर्लक्षित आहेत. येथील उष्मा, विजा, पूर, अपुरी बँडविड्थ व बहुभाषिकता या अडचणी अभ्यासविषय म्हणून स्वीकारल्यास त्या शिक्षणाची सामग्री बनू शकतात. आणि अधिकाराविना केवळ प्रात्यक्षिकाने व्यवस्थापक घडत नाही.

यातून तूर्त करण्याजोगे एक काम लहान आहे. ग्रंथालयाच्या सर्व्हरची प्रतिलिपी घ्यावी, ती जुन्या संगणकावर विद्यार्थ्यांकडून पुनःस्थापित करवून पाहावी आणि जे घडले ते लिहून ठेवावे. त्यास खर्च नाही. प्रतिलिपी निरुपयोगी निघाली, तर ते आपत्तीच्या दिवशी कळण्यापेक्षा तासिकेत कळलेले बरे. उपयोगी निघाली, तर ती परत उभी करणारे चार-पाच विद्यार्थी महाविद्यालयाला मिळतील. त्यांतील एखादा उद्या एटापल्ली वा सिरोंचा येथे परतला आणि ग्रामपंचायतीची बंद पडलेली जोडणी कोठे तुटली हे सांगू शकला, तर या विषयाचे अध्यापन सार्थकी लागले असे म्हणता येईल.